मुलांना कळतं, मोठ्यांना समजावून सांगावं लागतं

डायना विन जोन्स हे नाव मराठी वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. पण त्यांचा किल्ला पुष्कळांनी पाहिलेला आहे. हायाओ मियाझाकी यांच्या २००४ सालच्या जपानी चित्रपटातला, कोंबडीच्या पायांवर लटपटत चालणारा, धूर ओकणारा तो लोखंडपत्र्याचा ढिगारा एकदा पाहिला की विसरता येत नाही. चित्रपट मियाझाकींचा आणि त्याचं श्रेयही त्यांचंच. पण ज्या गोष्टीतून तो निघाला, ती 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' ही कादंबरी १९८६ सालची आहे आणि ती इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात राहणाऱ्या, तीन मुलगे वाढवलेल्या एका बाईने लिहिलेली आहे. कादंबरीतल्या किल्ल्याला पाय नाहीत. तो डोंगरांवरून नुसता फिरतो. कशावर फिरतो, हे बाईंनी सांगितलेलं नाही. चित्रपट काढणाऱ्याला मात्र तो प्रश्न सोडवावाच लागला.

जोन्सबाईंच्या लेखनाबद्दल काही सांगायचं तर मला इथूनच सुरुवात करावीशी वाटते. त्या फार थोडं समजावून सांगतात. बहुतेक आयुष्य मुलांसाठी लिहिल्यानंतर त्यांनी मोठ्यांसाठी एक अद्भुत कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा त्यांना एक चमत्कारिक गोष्ट जाणवली. मोठ्यांसाठी लिहिताना सगळं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आधी काय घडलं याची आठवण करून द्यावी लागते. मुलांच्या पुस्तकात एकदा सांगितलेलं पुरतं. त्यांनी याचं कारणही दिलं होतं. मुलं दिवसभर तेच तर करत असतात: शाळेत आणि घरात कोणी नीट न सांगितलेल्या गोष्टींचा अर्थ लावत असतात. मोठ्यांची ती सवय मोडलेली असते. आपल्याकडे बालसाहित्य म्हणजे सोपी वाक्यं, मोठा टाइप आणि शेवटी बोध, असं मानणारे संपादक आणि पालक अजून भरपूर आहेत. त्यांनी जोन्सबाईंचं एखादं पुस्तक हातात घ्यावं. पन्नासाव्या पानावर ते गोंधळलेले असतील आणि शेजारी बसलेली दहा वर्षांची मुलगी पुढे वाचत गेलेली असेल.

अर्थ लावण्याची ही सक्ती स्वतः डायनावर फार लहानपणी आली. तिचा जन्म १६ ऑगस्ट १९३४ रोजी लंडनमध्ये झाला. आईवडील दोघेही शिक्षक. ती पाच वर्षांची असताना महायुद्ध सुरू झालं आणि बॉम्बच्या भीतीने मुलांना शहराबाहेर हलवण्याची धांदल उडाली. आधी तिला वेल्समध्ये वडिलांच्या आईवडिलांकडे धाडलं गेलं. आजोबा तिथल्या चॅपेलचे नामांकित प्रवचनकार. त्यांचं वेल्श भाषेतलं प्रवचन या इंग्रजी बोलणाऱ्या नातीला शब्दाने कळत नसे, पण त्या आवाजाचा गडगडाट तिच्या स्वप्नांत पुढे अनेक वर्षं येत राहिला. तिथून ती आणि तिच्या बहिणी आईबरोबर इंग्लंडच्या उत्तरेकडच्या सरोवरांच्या प्रदेशात, कॉनिस्टन सरोवराकाठच्या एका मोठ्या घरात राहायला गेल्या. इंग्रजी साहित्याच्या दृष्टीने हा मुलूख म्हणजे तीर्थक्षेत्रच. तिथे छोट्या डायनाला भेटलेले साहित्यिक मात्र तीर्थातल्या देवांसारखे नव्हते.

युद्धकाळात कागद मिळत नसे. घराच्या माळ्यावर उत्तम जाड कागदांचा एक गठ्ठा सापडला. त्यावर कोणीतरी फुलांची चित्रं काढलेली होती. डायनाने खोडरबर घेतलं आणि एकेक चित्र पुसून कागद कोरे करायला सुरुवात केली. बरीच फुलं पुसून झाल्यावर ती पकडली गेली. ती चित्रं थोर कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्या हातची होती. घर पूर्वी रस्किन यांच्या चिटणिसाचं होतं. मुलीला शिक्षा झाली, ते ओघानेच आलं.

मग आर्थर रॅन्सम. 'स्वॅलोज अँड ॲमेझॉन्स' लिहून इंग्लंडच्या दोन पिढ्यांना नावेत बसवणारे हे लेखक तिथल्याच सरोवरावर होडीत राहून लिहीत असत. किनाऱ्यावर खेळणाऱ्या लहान मुलांच्या गलक्याने त्यांचं चित्त विचलित झालं आणि ते रागारागाने तक्रार घेऊन आले. पुढे बीट्रिक्स पॉटर. पीटर सशाची ही जन्मदात्री तेव्हा म्हातारी झाली होती. डायनाची धाकटी बहीण इझोबेल आणि तिची मैत्रीण आजीबाईंच्या फाटकावर झोके घेत होत्या, तर बाईंनी दोघींना चापट मारली. मुलांसाठी लिहिणारी जी दोन माणसं डायनाला लहानपणी दिसली, त्या दोघांनाही मुलं नकोशी वाटत होती. पुढे हे किस्से ती हसत हसत सांगत असे. पण पुस्तकं हाडामांसाची माणसं लिहितात, आणि ती माणसं काही फार मोठी नसतात, हा शोधही तिला तिथेच लागला. आठव्या वर्षी तिने जाहीर केलं की मी लेखिका होणार. आईवडील हसले.

१९४३ साली कुटुंब एसेक्समधल्या थॅक्स्टेड या गावी आलं आणि डायनाचं खरं बालपण इथे घडलं, किंवा बिघडलं म्हणा. आईवडील तिथे तरुण प्रौढांसाठीचं एक शैक्षणिक परिषद केंद्र चालवत. त्यांचं सगळं लक्ष त्या केंद्रात. तीन मुलींची, म्हणजे डायना, इझोबेल आणि अर्सुला यांची, व्यवस्था अंगणापलीकडच्या एका ओलसर, ऊब नसलेल्या दोन खोल्यांच्या बांधकामात लावलेली होती. त्या जेवल्या की नाही, अंगावर धड कपडे आहेत की नाही, हे बघायला कोणाला फुरसत नसे. आईवडील पाहुण्यांशी शिक्षणावर उत्तम बोलत. वाचकाला यातला विरोध लगेच दिसेल. जोन्सबाईंच्या कादंबऱ्यांतले मोठे लोकही असेच असतात: सभ्य, हुशार, चारचौघांत छाप पाडणारे आणि स्वतःच्या मुलांकडे न पाहणारे.

वडील कमालीचे चिक्कू. घरात मुलींसाठी पुस्तकं जवळजवळ नव्हतीच. आईवडील शिक्षक असताना पुस्तकं नाहीत म्हणजे फारच वाईट दिसतं, हे लक्षात आल्यावर वडिलांनी रॅन्सम यांच्या पुस्तकांचा (हो, त्याच रॅन्सम यांच्या) पूर्ण संच विकत आणला, उंच कपाटात कुलूपबंद केला आणि दर नाताळला त्यातलं एकच पुस्तक काढून तिघींना मिळून दिलं. त्या हिशेबाने संच संपेपर्यंत मुली मोठ्या झाल्या असत्या, आणि झाल्याच. डायनाला ग्रीक शिकायचं होतं, तेव्हा त्यांनी एका प्राध्यापकाशी सौदा केला: तो शिकवणार आणि बदल्यात त्याच्या घरी मुलींचं बाहुलीघर जाणार. बाहुलीघर गेलं. ग्रीकची शिकवणी फार दिवस टिकली नाही.

पुस्तकं मिळत नाहीत म्हणून तेरा वर्षांच्या आसपास डायनाने ती स्वतःच लिहायला घेतली. शाळेच्या वह्यांमध्ये लांबलचक साहसकथा लिहायची आणि रात्री त्या थंड खोलीत दोघी बहिणींना वाचून दाखवायची. ऐकणाऱ्या दोघींचं पुढे काय झालं, तेही सांगतो. इझोबेल आर्मस्ट्राँग ही व्हिक्टोरियन कवितेची मोठी अभ्यासक म्हणून नावारूपाला आली. अर्सुला जोन्स नटी झाली आणि पुढे तिनेही मुलांसाठी लिहिलं. त्या खोलीतलं वास्तव १९८१ सालच्या 'द टाइम ऑफ द घोस्ट' या कादंबरीत उतरलं आहे. मुलग्यांची शाळा चालवणारे आईवडील, स्वतःच्या मुलींना विसरलेले, आणि त्या बहिणींपैकी एक कोणीतरी भूत होऊन घरात फिरते आहे. पण आपण चौघींपैकी नक्की कोण, हे तिचं तिलाच आठवत नाही. जोन्सबाईंचं म्हणणं होतं की प्रत्यक्षातल्या कितीतरी गोष्टी त्यांनी या पुस्तकात सौम्य केल्या, नाहीतर वाचकांनी विश्वास ठेवला नसता. माझ्या मते हे त्यांचं सर्वांत चांगलं पुस्तक आहे. सर्वांत लाडकं नव्हे, ते वेगळं.

१९५३ साली ती ऑक्सफर्डच्या सेंट ॲन्स कॉलेजात इंग्रजी शिकायला गेली आणि त्याच सुमारास वडील कर्करोगाने गेले. ऑक्सफर्डात तेव्हा सी. एस. ल्युइस आणि जे. आर. आर. टोल्किन हे दोघेही अद्भुतकथाकार शिकवत होते. ल्युइस यांच्या खणखणीत आवाजाला सभागृह तुडुंब भरे. टोल्किन फळ्याकडे तोंड करून पुटपुटत. कोणी आलंच नाही तर व्याख्यानमाला बंद करून घरी लिहीत बसता येईल, अशी त्यांची उघड इच्छा होती, असं जोन्सबाईंनी लिहून ठेवलं आहे. विद्यार्थी गळत गेले. ही मुलगी आणि आणखी मोजके जण मात्र चिकटून बसले, कारण ते पुटपुटणं कथानकाबद्दल होतं: एखादा माणूस काही शोधायला निघतो, एवढ्या साध्या गोष्टीत बारीकसा बदल केला की तिची दुसरीच गोष्ट कशी होते. टोल्किन यांना बहुधा ती विद्यार्थिनी नकोशी झाली असेल. पण कथानकाचे सांधे त्यांच्याइतक्याच बारकाईने समजलेली लेखिका पुढे त्या बाकावरून निघाली.

१९५६ मध्ये तिने मध्ययुगीन साहित्याचे अभ्यासक जॉन बरो यांच्याशी लग्न केलं. तीन मुलगे झाले. यापुढे मी त्यांना पुन्हा जोन्सबाईच म्हणतो. मुलांना रात्री वाचून दाखवताना बाईंना दोन गोष्टी दिसल्या. लहानपणी वाचायला न मिळालेली पुस्तकं त्या आता प्रथमच वाचत होत्या आणि त्यांतली बरीच कंटाळवाणी होती. वाचून दाखवणारे वडील झोपी जात होते. मुलांचं पुस्तक मोठ्यांनाही जागं ठेवील असं असावं, हा त्यांचा आग्रह तिथून सुरू झाला. त्या सुमाराला मुलांच्या पुस्तकांत 'प्रश्न' मांडायची टूम निघाली होती: घटस्फोट असलेल्या घरातल्या मुलासाठी घटस्फोटावरचं पुस्तक. बाईंना हा दुष्टपणा वाटे. ज्याच्या घरात तेच चाललं आहे त्याला पुन्हा तेच कशाला वाचायला लावायचं? त्याच दुःखाकडे थोडं तिरकस, थोडं हसत पाहता येईल अशी जागा द्यावी, आणि ती जागा म्हणजे अद्भुत.

लिहिणं सुरू झालं तरी वर्षानुवर्षं नकारच येत राहिले. १९७० साली पहिलं पुस्तक निघालं ते मोठ्यांसाठीचं प्रहसन, 'चेंजओव्हर'. ब्रिटन आफ्रिकेतली एक वसाहत सोडून चाललेला असताना सत्तांतराच्या टिपणातले शब्द चुकीचे ऐकले जातात आणि त्यातून मार्क चेंजओव्हर नावाचा एक घातपाती जन्माला येतो, जो मुळात अस्तित्वातच नाही. लॉरा सेसिल या साहित्य-अभिकर्त्या भेटल्यावर मात्र बांध फुटला. १९७३ ते १९७५ या तीन वर्षांत मुलांसाठीची पाच पुस्तकं आली. त्यातलं 'द ओगर डाउनस्टेअर्स' सावत्र वडिलांबद्दलचं. दोन कुटुंबं एका घरात कोंबलेली, मुलांची आपसांत मारामारी, आणि रसायनांच्या खेळण्यातल्या पेटीतून निघालेली आवरता न येणारी जादू. 'डॉग्जबॉडी'मध्ये व्याध ताऱ्यावर खुनाचा आरोप येतो आणि त्याला कुत्र्याच्या पिल्लाच्या देहात पृथ्वीवर यावं लागतं. त्याला सांभाळणारी मुलगी आयरिश आहे, तिचे वडील तुरुंगात आहेत आणि ज्या इंग्रज घरात ती राहते तिथे तिचे हाल आहेत. १९७५ सालच्या इंग्लंडात आयरिश असणं म्हणजे काय, हे पुस्तक कुठेही थांबून सांगत नाही. कुत्रा जितकं पाहतो तितकंच आपल्याला दिसतं, आणि तेवढं पुरतं.

१९७६ मध्ये कुटुंब ब्रिस्टलला स्थायिक झालं. पुढच्या वर्षी 'चार्म्ड लाइफ' आलं आणि १९७८ चा गार्डियन बालसाहित्य पुरस्कार मिळाला. कॅट नावाचा अनाथ मुलगा, त्याची जादूगार बहीण ग्वेंडोलेन आणि झगमगीत ड्रेसिंग गाउन घालून फिरणारा क्रेस्टोमॅन्सी. क्रेस्टोमॅन्सी हे पद आहे. समांतर जगांतल्या जादूवर सरकारी नजर ठेवणारा हा अधिकारी, नऊ जीव असलेला. ग्वेंडोलेन गोड आहे, हुशार आहे आणि भाऊ तिच्यावर जीव टाकतो. ती त्याचं काय करते, हे आधी सांगितलं तर पुस्तकाची मजा जाईल. एवढंच म्हणतो की सख्ख्या माणसाकडून वापरलं जाणं आणि तरीही स्वतःला ते दिसू न देणं, हे मुलाच्या मनातलं गुपित मी इतक्या निर्दयपणे लिहिलेलं क्वचितच वाचलं आहे. 'ब्लॅक मारिया'तली म्हातारी आत्या याच जातीची. ती कधी आवाज चढवत नाही. गोड बोलून, उसासे टाकून, सगळ्यांना अपराधी वाटायला लावून ती अख्खं गाव राबवते. मराठी वाचकाला तिची ओळख करून द्यावी लागणार नाही. जोन्सबाईंच्या जगात काळी जादू बहुधा अशीच, बैठकीच्या खोलीत, चहाबरोबर चालते.

'हाउल' कसं सुचलं याचा किस्सा पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. एका शाळेत गेल्या असताना एका मुलाने, चालत्या किल्ल्यावर पुस्तक लिहा, असं सांगितलं. बाईंनी त्याचं नाव टिपून घेतलं आणि इतकं जपून ठेवलं की ते पुन्हा कधी सापडलंच नाही. नायिका सोफी तीन बहिणींतली थोरली. लोककथांच्या नियमाप्रमाणे यश धाकटीचं असतं, थोरलीच्या वाट्याला फजिती, आणि सोफीने ते निमूट स्वीकारलेलं असतं. बाई स्वतः तिघींतल्या थोरल्या होत्या, हे विसरू नये. एक चेटकीण सोफीला नव्वदीची म्हातारी करते आणि तिथून सोफीला कंठ फुटतो. तरुण मुलीला जे बोलायची चोरी, ते म्हातारी बिनदिक्कत बोलते. आणि तो रुबाबदार जादूगार हाउल? तो आपल्याच जगातला, वेल्सचा, हाउवेल जेंकिन्स. किल्ल्याच्या दाराच्या मुठीची एक खूण फिरवली की दार वेल्समधल्या साध्या वस्तीत उघडतं. तिथे त्याची बहीण त्याला उनाड म्हणून झापते. चित्रपटात वेल्स नाही, त्याऐवजी युद्ध आहे. मियाझाकी खास खेळ दाखवायला स्वतः इंग्लंडला आले होते आणि बाईंना चित्रपट आवडला. आम्ही दोघेही युद्धातली मुलं, पण त्याचा परिणाम आमच्यावर अगदी उलट दिशांनी झाला, अशा आशयाचं त्या बोलल्या. मियाझाकी युद्ध पडद्यावर आणतात. बाई ते पडद्याआड ठेवून घरातली लढाई दाखवतात.

त्यांच्यातला दोषही सांगायला हवा. शेवटाकडे त्यांना घाई होते. विखुरलेली सगळी पात्रं एकाएकी एका दालनात जमतात, तीन माणसं दुसरीच कोणीतरी निघतात आणि दोन पानांत गुंता सुटतो. 'हाउल'मध्ये हे खपतं, कारण ते प्रहसन आहे. काही उत्तरकालीन कादंबऱ्यांत मात्र आवराआवर केल्यासारखं वाटतं.

विनोदी पुस्तकांत १९९६ सालचं 'द टफ गाइड टू फँटसीलँड' वेगळंच आहे. अद्भुतकथांच्या एका ज्ञानकोशाच्या नोंदी तपासताना बाईंच्या लक्षात आलं की सगळ्या कादंबऱ्या एकाच देशात घडतात. म्हणून त्यांनी त्या देशाचं प्रवासी मार्गदर्शक पुस्तक लिहिलं, अकारविल्हे. तिथे जेवायला फक्त स्ट्यू मिळतो, जो शिजायला तासन्‌तास लागतात तरी पळणारे लोक रोज रात्री तोच रांधतात. घोडे थकत नाहीत. दोन वर्षांनी आलेल्या 'डार्क लॉर्ड ऑफ डर्कहोम'मध्ये त्याच देशातले रहिवासी पर्यटकांसाठी दरवर्षी सैतानी सम्राटाचं सोंग वठवून कंटाळले आहेत.

हॅरी पॉटरचा विषय टाळता येत नाही. 'विच वीक' हे चेटूक जाणणाऱ्या मुलांच्या वसतिगृह-शाळेचं पुस्तक १९८२ सालचं, म्हणजे पहिल्या पॉटरच्या पंधरा वर्षं आधीचं. त्यावरून कोणी कोणाचं घेतलं असा वाद घालणाऱ्यांत मला रस नाही. रोलिंगबाईंकडे जादूची शाळा, मंत्रालय, परीक्षा आणि खेळ आहेत, नीट बांधलेलं जग आहे. ते मुलांना आवडणारच आणि मराठीतही ते आवडीने वाचलं गेलं. जोन्सबाईंच्या शाळेत मात्र चेटूक सापडलं तर जाळतात आणि वर्गातली मुलं एकमेकांकडे संशयाने बघतात. पॉटरच्या लाटेने बाईंचा एक फायदा केला: छपाईबाहेर गेलेली त्यांची पुस्तकं पुन्हा निघाली. 'हाउल'ला २००६ साली फिनिक्स पुरस्कार मिळाला, जो वीस वर्षांपूर्वी दुर्लक्षित राहिलेल्या पुस्तकांसाठीच असतो. २००७ मध्ये जागतिक फँटसी संमेलनाचा जीवनगौरव आला.

फुप्फुसाच्या कर्करोगाने २६ मार्च २०११ रोजी, शहात्तराव्या वर्षी, ब्रिस्टलमध्ये त्यांचं निधन झालं. मागे एक अर्धी कादंबरी राहिली. त्या आराखडा करून कधीच लिहीत नसत, त्यामुळे पुढे काय होणार याची एक ओळही कुठे नव्हती. अर्सुलाने ती पूर्ण केली. थॅक्स्टेडच्या खोलीत थोरलीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या धाकटीने 'द आयलंड्स ऑफ चॅल्डिया' २०१४ मध्ये वाचकांच्या हाती दिली. जोड कुठे आहे ते अनेक समीक्षकांना शोधता आलं नाही.

आता वाचकांना दोन शब्द. मुलांनी 'चार्म्ड लाइफ'पासून सुरुवात करावी, मोठ्यांनी 'द टाइम ऑफ द घोस्ट'पासून. ज्यांनी चित्रपट पाहिला आहे त्यांनी 'हाउल' वाचावंच, निदान वेल्सच्या प्रकरणासाठी. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना 'फायर अँड हेमलॉक' द्यावं. त्याचा शेवट पुष्कळांना कळत नाही आणि त्यावर भांडायला मजा येते. बाकी क्रमाची चिंता नको. क्रेस्टोमॅन्सीची पुस्तकंसुद्धा बाईंनी काळाच्या क्रमाने लिहिलेली नाहीत.